कागदावरचा भाचा

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज परत मामाला पाठीवर घेऊन चढलो. चार मजले. तिसऱ्यावर दम लागला तर कानात म्हणतो, "आमचं गाढवसुद्धा चढाला थांबत नव्हतं. चल!" अरे, काळीज तुझं फाटलंय, माझं नाही!

इस्पितळात तारीख मिळाली. बुधवार, १८. हृदयातली झडप बदलणार. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "नाताळला दोघंही आपल्या घरी!" मामा हसला. मी हसल्यासारखं केलं.

घरी! बेटावर! ऊस, डोंगर, पुन्हा ऊस. सरकारच आजाऱ्याला सोबतीसह इथे इलाजाला पाठवतं; आजारी माणूस बरा झाला की सोबतचाही परत, असा नियम. दहा महिने लिस्बनच्या या लॉजमध्ये काढले. खिडकी उघडली की समोर भिंत. आणि आता परत? नाही जाणार. मेलो तरी नाही.

मंगळवार, १०

लिनूचा फोन. चुलतभाऊ, रॉटरडॅमला असतो. महिन्यातून एकदा व्हॅन घेऊन माणसं न्यायला येतो. शनिवारी सकाळी सात, स्टेशनच्या मागे. "एक जागा धरलीय. गोदामात काम आहे. या खेपेला नाही आलास तर मला भाऊ म्हणू नको."

वहीत तरी खरं लिहितो. मी मामाचा कोणीच नाही. शेजारी. त्याची बायको गेली, मुलगी बोलत नाही, आणि सोबत नातेवाईकच पाठवतात. मीच पुढे झालो, म्हटलं, भाचा आहे. कारकुनाने विचारलं तर म्हातारा म्हणाला, "हो, बहिणीचा. तिच्यासारखाच मठ्ठ." त्याला बहीणच नाही!

पहिल्याच आठवड्यात पळणार होतो. मग त्याला ताप आला. मग त्याचे पाय सुजले. दर वेळी काहीतरी.

बुधवार, ११

सांगितलं नाही. उद्या.

गुरुवार, १२

आजही नाही.

खोलीत चोरून काचुपा लावला, बेटावरचं मक्याचं कालवण. मका शिजायला तीन तास, वास लपतोय थोडाच! दोना ओदेत, मालकीण, धाडकन आत. "खोलीत स्वयंपाक करायचा नाही, भिंतीवर लिहिलंय!"

मामा म्हणाला, "मला वाचता येत नाही, बाई."

"आणि याला?"

"हा माझाच भाचा."

ती हसू दाबत गेली. थोड्या वेळाने वाडगा घेऊन आली. "चव बघायला." दोनदा बघितली.

ऑपरेशननंतर सहा आठवडे जवळ माणूस पाहिजेच, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. नसेल तर तारीख पुढे ढकलणार. पुढे म्हणजे किती? त्याच्याकडे पुढे आहे किती?

आणि माझ्याकडे? पंचवीस वर्षांचा झालो. जुनी घरं पाडून हॉटेलं बांधतायत, तिथला राडारोडा गोणीत भरून जिन्याने खाली आणतो. संध्याकाळी म्हाताऱ्याला जिन्याने वर नेतो. हेच आयुष्य!

शुक्रवार, १३

सांगितलं. दाढी करत होतो त्याची.

"मामा, उद्या मी चाललो. रॉटरडॅमला."

तो म्हणाला, "गाल नीट ताण. कापशील."

पुसून झाल्यावर विचारलं, "किती वाजता? कुठून?" सगळं सांगितलं. चिडेल, रडेल वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं!

"माझी फिर्मिना तिथेच असते," म्हणाला. बावीस वर्षांत मुलीचं तोंड बघितलं नाही. जावयाला याने उंबऱ्यावरून हाकललं, काळा नि कंगाल म्हणून. "आणि मी काय होतो रे? गोरा?" मग तिचा पत्ता म्हणून दाखवला. रस्ता, घर नंबर, मजला. तोंडपाठ! अक्षर येत नाही म्हाताऱ्याला, आणि पत्ता तोंडपाठ.

"भेटून येशील?" विचारलं त्याने.

हो म्हटलं.

शनिवार, १४

सकाळी सहाला निघालो. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो आणि पाय थांबले. पुढे जाववेना. वर जायला तोंड नव्हतं. फोन बंद केला आणि सरळ कामावर गेलो. दिवसभर गोण्या. एकदाही वर बघितलं नाही.

संध्याकाळी आलो. खाट रिकामी!

दोना ओदेत म्हणते, "साडेसहाला माझं दार वाजवलं त्याने. कोट घालून तयार. म्हणाला, भाचा खाली थांबलाय. मी आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो जर्मन पाहुणा, आम्ही खुर्चीत बसवून उतरवला. टॅक्सीत बसवला. का रे, तू नव्हतास?"

फोन लावला. लिनू म्हणाला, "तूच पाठवलंस ना? म्हणाला, भाच्याने जागा दिली. पुढे बसलाय, गातोय लेकाचा! स्पेन संपत आलं."

"परत फिर! बुधवारी ऑपरेशन आहे त्याचं!"

"मागे सात माणसं आहेत, व्हान्द्रू. कुठे फिरू?"

मामाला फोन द्यायला लावला. "तू झोपलेला दिसलास मला," म्हटलं. "तूही गेलेला दिसलास मला," म्हणाला. "मागोमाग आलो, तर गाडीत तू नाहीस, जागा रिकामी. ऑपरेशनच्या टेबलावरून उठतो की नाही कोणास ठाऊक. आधी तिला बघतो."

गोळ्या इथेच! सगळ्या. उशीखाली.

रविवार, १५

लिनूचा फोन लागत नाही. जिन्यात बसून आहे. लोक ओलांडून जातात.

सोमवार, १६

सकाळी अनोळखी नंबर. मामा! कुणा बाईचा फोन मागून घेतलेला. धाप लागलेली. "दार उघडलं तिने. बघितलं. लावून घेतलं. खाली पायरीवर बसलोय. लिनू गेला. व्हान्द्रू, तू येतोस ना?"

रॉटरडॅमची साडेदहाची बस मिळाली. जायचं तिकीट एक, यायची दोन.