अढीतली सफरचंदं

आई, तुझ्यावरचा राग काढायला आज कुठे मुहूर्त सापडला. काल ह्यांनी मुंबईहून बोटीने सफरचंदांची करंडी आणली. मी दोरी सोडली, तो वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं. तू होतीस तेव्हा तुझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती होती? आता ऐक.

आश्विन लागला होता. धाकटी तापाने अंथरुणाला खिळलेली, आणि डॉक्टर म्हणाले, तिला सफरचंद द्या. बाबा तेव्हा मुंबईला नोकरीत. त्यांनी पोटाला चिमटा काढून करंडी धाडली. आपल्या घरात सफरचंद तोवर कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. धाकटी उठून बसली, दोन्ही हातांत एक लाल फळ धरलं, आणि दात लावणार इतक्यात तू ते काढून घेतलंस. अंगठ्याने दाबून बघितलंस. "अगो, दगड आहे नुसता! तापात कच्चं खाऊन मरायचंय का?" आणि आंब्यांची घालायचीस तशी माळ्यावर पेंढ्यात अढी घातलीस. सफरचंदांची अढी! आपल्या आळीत तुझ्यासारखे आंबे कुणाचे पिकत नसत, मग तुला शिकवणार कोण? मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी असंच द्यायला सांगितलंय." तर म्हणालीस, "डॉक्टरांनी कधी अढी घातल्ये?"

धाकटी दिवसभर माळ्याकडे बघत पडते. "ताई, पिकली गो?" मी शिडी चढते, पेंढा बाजूला करते, फळ दाबते. दगड तो दगड. खाली येऊन सांगते, "नाही गो, थांब थोडी." ती थांबते. तापातलं पोर ते, आणखी काय करणार?

मग आला थोरलीचा पहिला दिवाळसण. जावई म्हणजे दहावा ग्रह! तू अढी उतरवलीस. फळं सुरकुतली होती, काहींना डाग पडले होते, आणि तू खुशीत म्हणतेस, "बघ, आता कशी मऊ झाली." एक, आई, एक तरी तिच्या हातात द्यायचं होतंस! पण नाही. राई-खोबरं वाटून, गूळ घालून तू त्यांचं सासव केलंस, आंब्याचं करतात तसं. काहींचा मुरांबा केलास. उरलेली शिजवून, ताटाला तूप लावून साठं वाळत घातलंस. जावई खादीची टोपी मांडीवर ठेवून बोटं चाटत होते. "सासूबाई, मुंबईतसुद्धा असं खाल्लं नाही हो!" आणि तू पदराआड हसत होतीस. ते हसू मी विसरलेले नाही.

धाकटीला चमचाभर मुरांबा मिळाला. तिने तो चाटला आणि म्हणाली, "हे तर आंब्यासारखंच लागतंय." मग भिंतीकडे तोंड करून पडली. कार्तिक सरायच्या आत ती गेली.

सफरचंदाने ती वाचली असती असं मी म्हणत नाही, एवढी वेडी नाही मी. पण पोरीने एक घास मागितला होता गो. आणि भेटायला आलेल्या बायकांना तू काय सांगितलंस? "शेवटी शेवटी तिच्या तोंडाला चवच नव्हती." खोटं! साफ खोटं! चव होती म्हणून तर तिला कळलं. त्या पंगतीत तेवढी तिलाच चव होती.

हे पत्र कुठे पाठवणार? जाईल चुलीत. पण जाण्याआधी एक सांगते. काल करंडीतलं सगळ्यात लाल फळ मी धुतलं आणि माझ्या लेकीच्या हातात दिलं. न चिरता, न सोलता. समोर उभी राहून म्हटलं, "खा. अख्खं तुझं आहे." तिने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि फळ माझ्या हातात परत दिलं. "आई, त्यापेक्षा ह्याचं सासव कर ना, आंब्याचं करतेस तसं."

मी केलं. आणि आई, दोनदा वाढून घेतलं.