काकूंनी ओढलेली बाही

रेडमंड, रविवार संध्याकाळ

आज मंडळातल्या काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जायलाच नको होतं मी. अत्तर लावून घ्यायला हात पुढे केला, बाही वर सरकली आणि निखिलने पिरगाळलेल्या मनगटावरचा काळानिळा वळ काकूंना दिसला. त्यांनी काय करावं? पटकन बाही खाली ओढली! मग तिळगूळ देताना हळूच म्हणाल्या, "ग्रीन कार्ड येईपर्यंत कळ काढ गं. तू त्याच्या व्हिसावर आहेस ना?"

येईपर्यंत म्हणे! ती रांग किती वर्षांची आहे, हे तिथल्या प्रत्येकीला तोंडपाठ आहे. तेवढी वर्षं मी नवऱ्याचा मार खायचा?

निखिलही व्हिसाचाच धाक घालतो, "पोलिसांना फोन केलास तर इंडियात परत जाशील." साफ खोटं. परवाच वकीलबाईंनी फोनवर सांगितलं की तक्रार करून पोलिसांना सहकार्य केलं, तर मला स्वतःच्या नावाने व्हिसा मागता येतो. हे इतक्या बायकांत एकीलाही माहीत नसेल? की माहीत असूनही बाही ओढली?

उद्या वकीलबाईंच्या ऑफिसात जायचंय. बाहेर मरणाची थंडी आहे. असू दे. मी बिनबाह्यांचा कुर्ता घालून जाणार.