दर गजाला एक बोट

आप्पा, परसातल्या माझ्या शेडच्या दोन्ही लांब भिंती उभ्या राहिल्या. दोन्ही मी बांधल्या. करवत मी चालवली, खिळे मी ठोकले, काटकोनाला गुण्या मी धरला आणि ओळंबाही मीच सोडला. हे एकदा तुम्हाला सांगून टाकावं म्हणून बसले आहे. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे मधेच "पोरीच्या जातीनं" म्हणून माझं बोलणं तोडता येणार नाही, एवढी माझी सोय आहे.

ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा नऊ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारं पुजायची होती, आणि तुमच्याकडे कुणाच्या तरी दाराच्या फळ्या अडून राहिल्या होत्या. मी घरातून तुमचा चहा घेऊन सुतारकामाच्या छपरात आले. वाटेत करवत पडली होती. हातात भरलेली कपबशी, नजर चहावर, मी सरळ करवतीवरून पाय टाकून पुढे आले. तुम्ही असे ओरडलात की अर्धा चहा बशीत सांडला. "हत्यार वलांडतीस? पोरीच्या जातीनं हत्याराला पाय दावायचा नस्तो, कळतं का?" मी कप ठेवून आत पळाले. आई भाकरी थापत होती. तिच्याजवळ बसून पहिली भाकरी फुगायच्या आत तुमची हाक ऐकू आली, आणि तशी हाक मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. आई पिठाच्या हातांनीच धावली. तुमच्या डाव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं. आईने हळद दाबली, लुगड्याची चिंधी बांधली, आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हिनं करवत वलांडली." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पूजेला मला छपरात येऊ दिलं नाही. मी दारातूनच झेंडू बघितले.

पुढचा महिनाभर तुमच्या सदऱ्याची बटणं मी लावत होते. तुम्हाला एका हाताने जमत नव्हतं आणि मला प्रायश्चित्त हवं होतं. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तुम्ही उभे राहायचात, मी पाटावर चढून खालून वर पाच बटणं लावायची, आणि तुम्ही सगळा वेळ आढ्याकडे बघत असायचात. माझ्याकडे एकदाही बघायचा नाहीत. मला वाटायचं, बापाला माझं तोंडसुद्धा बघवत नाही. जखम भरल्यावर तुम्ही मला शाळेच्या पाटीसाठी सागाची पेटी करून दिलीत, कडीकोयंड्यासकट. पाटी तिच्यात खडखड वाजायची, पेटी जरा मोठी झाली होती, पण मी ती मिरवत शाळेत नेली. आप्पांनी मला माफ केलं, असं मी वर्गात सांगितलंसुद्धा. पण तुम्ही विसरला नव्हता. पाहुणे आले की अंगठा वर करून दाखवायचात, "ह्या पोरीनं करवत वलांडली, त्याचा ह्यो परसाद," आणि सगळे हसायचे. माझ्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीतही तुम्ही हे सांगितलंत. मीही हसले. जन्मभर हसत आले, आणि तुमच्या कुठल्याही हत्याराला बोट लावलं नाही.

शाळेतून निवृत्त झाले आणि मग मात्र डोकं फिरलं. तुमची हत्यारं भावाच्या माळ्यावर पोत्यात गंजत होती, ती इथे श्रीगोंद्याला घेऊन आले. आई आता माझ्याकडेच असते. घरामागे परसात मोकळा तुकडा आहे, तिथे मला सुतारकामाला खोली हवी होती. खुर्च्या, पाट, शेल्फ, जे सुचेल ते करायला. शेजारचा टेम्पोवाला कुंपणावरून म्हणाला, "मॅडम, वेल्डरला सांगा की. दोन दिवसात अँगल उभे करून पत्रा ठोकून देतो." मी म्हटलं, मला शेड नकोच आहे, मला शेड बांधायची आहे. नगरच्या एमआयडीसीतून मशिनच्या पेट्यांचे पाईनचे वासे त्याच्याच टेम्पोतून आणले. तुम्ही त्याला लाकूडच म्हटलं नसतं, काड्यापेटीचा माल म्हटलं असतं. असू दे. माझ्या मनगटाला तेच झेपतं.

आणि भिंत मी तुमच्यासारखी बांधली नाही. तुम्ही आधी चार मेढी रोवायचात आणि मग वर वर चढत जायचात. मी मोबाईलवर बघून अख्ख्या भिंतीचा सांगाडा कोब्यावर आडवा जुळवला. खाली एक लांब पट्टी, वर एक लांब पट्टी, मधे दर दोन फुटांवर एक उभा वासा. सगळं ठोकून झालं की भिंत उचलून उभी करायची. आई बाजेवर बसून बघत होती. वय झालंय, पण जीभ अजून धारदार. "भिंत निजवून बांधत्यात व्हय गं कुठं? निजलेली उठती का बघू आता." भिशीतल्या तिघींना बोलावलं. चौघींनी वरची पट्टी धरली, कमरेपर्यंत आणली, मग खांद्यावर, मग हात लांब करून ढकलत ढकलत ती सरळ केली. एकीने तिरके टेकू ठोकले. मी ओळंबा सोडला. दोरा वाशाला घासला नाही की दूर गेला नाही. आप्पा, मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला! हे एवढं सुख तुम्ही एकट्याने भोगलंत आणि मला दारातून झेंडू दाखवलेत.

दुसऱ्या भिंतीच्या वेळी टेपची स्प्रिंग तुटली. आडव्या पट्ट्या कापून झाल्या होत्या, सात उभे वासे राहिले होते. बाजारात जाऊन नवा टेप आणायचा कंटाळा केला आणि तुमचा मापाचा गज काढला. तुमच्या वडिलांचा तो शिसवी गज, चोवीस खाचांचा, दोन फुटी, एका टोकाला पितळी टोपण. आठ फुटांचा वासा म्हणजे चार गज, हे मला लहानपणापासून पाठ आहे, कारण फळीचं दुसरं टोक धरून मी उभी असायचे आणि तुम्ही म्हणत जायचात, "येक गज न् बोट, दोन गज न् बोट, तीन गज न् बोट." दर गजाला एक बोट जास्त. गावात त्याचं केवढं कौतुक होतं. सुताराचा हात सढळ, बोटभर जास्तच देतो, कमी कधी देणार नाही. मी म्हटलं, माझे वासे मोजकेच आहेत, मला हा सढळपणा परवडायचा नाही. नुसते चार चार गज मोजले आणि सातही वासे कापले.

काल दुपारी त्याच तिघींना बोलावून भिंत उचलली. उभी राहिली, टेकू लागले, ओळंबा बरोबर. मी समोर जाऊन बघते तर दोन भिंतींच्या डोक्यांमधून शेजारचं आभाळ वाकडं दिसायला लागलं. नवी भिंत जुनीपेक्षा आखूड होती. स्टुलावर चढून बघितलं, चार बोटं. बरोबर चार. सातही वासे सारखेच आखूड, म्हणजे माझा हात चुकला नव्हता. एक जण म्हणाली, "बाई, राहू द्या, पत्र्याखाली काय दिसतंय!" मी गज घेऊन पायरीवर बसले आणि खाचा मोजल्या. तेवीस नीट दिसत होत्या. चोविसावी टोपणाखाली असणार म्हणून पटाशीने टोपण उचकटलं. खाली चोविसावी खाच नव्हती. तेविसाव्या खाचेच्या पुढे नखभर लाकूड होतं आणि तिथे गज सरळ कापलेला होता. करवतीचे दाते लागलेले, कापाच्या शेवटी एक ढलपी उडालेली. पन्नास वर्षं पितळेखाली झाकलेलं ते टोक अजून कोवळं दिसत होतं.

मी तो आईपुढे धरला. तिने बघितला आणि पदराने तोंड पुसत बसली. मग म्हणाली, "फळीखाली ऱ्हायला हुता गज. ध्यानात न्हाई आलं त्यांच्या. फळीसंगं गज बी कापत ग्येले. दिसल्यावर धडपडले आन् करवत उडाली अंगठ्यावर." मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?" "त्याच दिशी. मीच उचलला की तुकडा. चुलीत घातला." "मग मला का नाही सांगितलंस? मी महिनाभर त्यांची बटणं लावली, आई." ती म्हणाली, "अगं, सोताचा गज कापनाऱ्या सुताराला दार कराया कोन सांगल? चार गावचं काम हुतं त्यांच्याकडं. तू ल्हान हुतीस. इसरून जाशील असं वाटलं." मी म्हटलं, "मी विसरले नाही." "न्हाई गं," ती म्हणाली, "तू न्हाई इसरलीस," आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिच्यावर रागवायचं होतं, ते तेवढ्यापुरतं राहून गेलं. तिच्या वाटणीचा रागही आता तुमच्याच नावावर लिहिते.

म्हणजे तुमचा सढळ हात तो हा. कापलेल्या गजाची भरपाई, दर गजाला एक बोट. नवा गज केला असता तर लोकांनी विचारलं असतं, जुन्याला काय झालं, म्हणून तुम्ही टोपण बसवलंत आणि जन्मभर बोट मोजत राहिलात. माझी पेटी गजभरही नव्हती, तरी तिच्यातसुद्धा सवयीने बोट घातलंत, म्हणून पाटी वाजत होती. दुसऱ्या सुतारांना तुम्हीच हसायचात ना, नाचता येईना अंगण वाकडं म्हणून? तुमचं अंगण मी होते. नऊ वर्षांची पोर, हातात चहा. आणि रोज सकाळी तुम्ही आढ्याकडे का बघत होतात ते मला काल कळलं. तुम्हाला माझं तोंड बघवत नव्हतं हे खरंच होतं, फक्त त्याचं कारण मी समजत होते ते नव्हतं. गज कापला गेला ही चूक, ती कुणाकडूनही होईल, माझ्याकडून काल सात वासे आखूड झालेच. पंगतीत अंगठा वर करून हसलात, ती चूक नव्हती. ते मी माफ करत नाही. तुम्ही मेलात म्हणूनही करत नाही, आणि आई रडली म्हणूनही नाही.

भिंत मी मोडली नाही. आज सकाळी तिघी पुन्हा आल्या. भिंत चार बोटं उचलून धरली आणि मी खाली पाईनची जाड पट्टी सरकवली, बोल्टने कोब्यात आवळली. आता दोन्ही भिंतींची डोकी एका रेषेत आहेत. ती पट्टी बाहेरून स्पष्ट दिसते, वेगळ्या रंगाची आहे. मी तिला रंग देणार नाही, टोपण घालणार नाही. कुणी विचारलं तर सांगणार आहे की माझं माप चुकलं होतं. आणि तुमचा गज दाराच्या चौकटीवर ठोकणार आहे, कापलेलं टोक बाहेर करून. ज्याला बघायचं त्याने बघावं. मापाला मी नवा टेप आणला आहे. खंडेनवमीला पूजाही मीच करणार, आणि आईला बाजेसकट आत आणून बसवणार.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही आणि टाकायचंही नाही. वाशांची मापं लिहिलेल्या वहीतच राहील ते. पण एवढं सगळं ताठ मानेने लिहिलं, तर एक राहिलेलं सांगते. आज पट्टी सरकवून झाल्यावर तुमची करवत कोब्यावर मधोमध पडली होती. मी चहा केला, सगळ्यांना हाक मारली. तिघीही बोलत, हसत तिच्यावरून पाय टाकून गेल्या. कुणाला काही झालं नाही. शेवटी मी चहाचा ट्रे घेऊन निघाले आणि करवतीपाशी आले. सगळं मला माहीत होतं, आप्पा. तरी मी वळसा घालून गेले.