आज निळं हाय

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ओढ्याच्या काठानं चालताना आधी तुझाच आवाज कानात येतो. देवगाव फाट्याच्या पुढचा तो सूत रंगवायचा कारखाना, आणि तू सुताच्या लडी रंगात बुडवायलीस. हौद ओढ्यात रिकामा करायची वेळ झाली की मुकादमाची नजर चुकवून तू काठावर यायचीस आणि खालच्या बायांना हाक घालायचीस, “आज लाल हाय गं, गुरं वळवा!” कधी लाल, कधी हिरवं, बहुतेकदा निळं. एकदा मी पाय धुवायला त्या पाण्यात उतरले, तर पाठीत असा धपाटा घातलास की तुझी पाच निळी बोटं माझ्या झग्यावर उमटली. किती धुतला तरी ती गेली नाहीत. संध्याकाळी भाकरी थापता थापता एवढंच म्हणालीस, रंग दिसला की मागं फिरायचं.

आता मी परभणीच्या कॉलेजात शिकवते आणि बुरशी पाळते. हस, हस. शिळ्या भाकरीवर बुरशीचा ठिपका दिसला की तू सगळी दुरडी घासायला काढायचीस, आणि तुझी लेक पगार घेऊन तिला जोपासायलीय. कुजक्या ओंडक्यावरची ही पांढरी बुरशी लाकूड खाते, आणि खाण्यासाठी जे विकर सोडते ते रंगाचेही तुकडे करतं. तुझ्याच कारखान्यात मी तिचा हौद बसवला. पहिल्यांदा निळं पाणी आत गेलं आणि पलीकडून नितळ आलं, तेव्हा मी तुझ्या आठवणीनं ढसाढसा रडले. मालकानं पेढे वाटले.

पण रंग गेला म्हणजे विष गेलं असं नसतं गं. त्या रंगाचे तुकडे पाण्यातच राहतात, आणि त्यातले काही मूळ रंगाहून वाईट. मी मटकी भिजवून पाहिली. साध्या पाण्यातल्या मटकीला छान मोड आले, आमच्या नितळ पाण्यातली फुगली आणि तशीच कुजली. अजून एक हौद लागणार, तोवर पाणी सोडू नका, असं मालकाला परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, एवढं नितळ तर नळालाही येत नाही. आणि सोडलं.

काल आपली शेजारची काकू तिच्या गाभण म्हशीला ते पाणी पाजत होती. तीच काकू, जी तुझी हाक आली की दावं ओढत माघारी फिरायची. मी पळत जाऊन म्हणलं, काकू, नको पाजू. ती हसली. “अगं, तुझ्याच हातचं पाणी हाय की. तुझा तुझ्यावर इस्वास न्हाई व्हय?” मी मटकीचं सांगितलं, तर म्हणाली, म्हशीला कुठं मोड यायचेत? मला त्या नितळ पाण्याचाच संताप आला. रात्रभर ती म्हैस डोळ्यांपुढून हलली नाही.

हे पत्र कुठं टाकू, माय? म्हणून जे कुणालाच सांगितलं नाही ते इथं लिहिते. आज सकाळी मुकादमाची नजर चुकवून मी सुटणाऱ्या पाण्यात कपड्याला घालायची नीळ ओतली. दुसरा हौद होईपर्यंत रोज ओतीन. काकू काठावर आली, पाण्याकडं बघितलं आणि म्हैस वळवली. मग खालच्या बायांना तिनं तुझ्याच सुरात हाक घातली, “आज निळं हाय गं!” माझी बुरशी हरली असं आता गावभर होईल. बाभळीआड उभी राहून मी ते ऐकलं, आणि मला लय बरं वाटलं.