आईचं आधीचं नाव

मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

मुलगी झाली! सकाळीच, इथे महाडात. शर्मिला ठीक आहे. पियुष ठाण्याहून निघाला तो वीर स्टेशनला उतरून रिक्षाने थेट दवाखान्यात. मी रात्रभर तिथेच बाकड्यावर, आणि हा दारातून मलाच सांगतो, "ताई, आत्या झालीस." बरं झालं बाबा, तू सांगितलंस.

बाळ आमच्या आईच्या मांडीवर दिलं. हनुवटी अगदी आईची, मधे खळी. पियुष चेष्टेत म्हणाला, "मग हिचं नाव सगुणाच ठेवू."

आई म्हणाली, "सगुणा माझं नाव नाय."

मग तिनेच सांगितलं. सगुणा हे सासरचं, लग्नात ठेवलेलं. ताटात तांदूळ पसरले, गुरुजींनी अंगठीने काहीतरी लिहिलं. हिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आजपासून तू सगुणा.

"मग तुझं कोणतं?" मी विचारलं.

"गेलं ते." आणि बाळाची कुंची नीट करायला लागली.

एकेचाळिशी गाठली मी, आणि जिच्या पोटी आले तिचं नाव मला ठाऊक नाही! राग आलाय. तिचा की माझा, ते अजून कळत नाही.

२४ सप्टेंबर

आईला पुन्हा विचारलं. "तुला कामं नायत का गो?" एवढंच उत्तर.

बारसं शनिवारी, चार तारखेला. बाळाला आत्या मी एकटीच, म्हणजे नाव ठेवायचा मान माझा. पण आईबाप आधीच ठरवून बसलेत — त्विषा. शर्मिलाने फोनवर शोधलं. "एकदम युनिक आहे ताई, कुणाचंच नसेल." आईला ते म्हणता येईना. तिशा, त्रिशा करत करत शेवटी 'बाय'वर आली.

नाव वाईट नाही. पण मला आता एकच नाव हवंय, आईचं. तिच्या आईने तिला ज्या नावाने हाक मारली ते.

माझंही सासरी बदललं होतं. मानसी! कुणी मानसी म्हटलं की मी मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून. ते घर सोडून इथे परत आले तेव्हा आईने दारातच "गौतमी, आलीस?" म्हटलं आणि मला माझं नाव मिळालं. डेपोत कंडक्टरच्या शर्टावर पट्टी लावली तीही गौतमीचीच. आईला असं दार कुणी उघडलं?

ठरलं. ते नाव शोधायचं आणि पाळण्यात आणायचं.

२६ सप्टेंबर

आजची गंमत. दासगावच्या फेरीला गाडीत मुंबईकडची एक बाई ओरडली, "त्विषा, हात आत घे!" तिच्या मुलीने हात आत घेतला. आणि दोन सीट मागे बसलेल्या दुसऱ्या एका मुलीनेही घेतला! तीपण त्विषाच. दोघींच्या आया एकमेकींकडे अशा बघायला लागल्या की जणू एकीने दुसरीची साडी नेसलीय. मी घंटी मारून पुढे सरकले, हसू आवरेना.

घरी सांगितलं. शर्मिला हिरमुसली. पियुष फोनवर म्हणतो, "स्पेलिंग वेगळं असेल." धन्य.

२७ सप्टेंबर

बाळाची पाचवी. पाटा-वरवंटा मांडून सटवीची पूजा केली. आई म्हणाली, आज सटवी येते आणि कपाळावर लिहून जाते.

"नावपण लिहिते?" मी मुद्दाम विचारलं.

"नाव नाय. नाव माणसं ठेवतात, आन माणसंच काढून घेतात."

मग उठून शेगडी फुंकत बसली. विस्तव चांगला धगधगत होता, फुंकायची काही गरज नव्हती.

सोमवार, २९ सप्टेंबर

सुट्टी होती. आईला सांगितलं डेपोत मीटिंग आहे, आणि गेले मामाकडे. पोलादपूरहून कापडे गावची गाडी, पुढे उतरून पायी चढ. कितीतरी वर्षांनी चढले, छाती भरून आली. वर माळ सगळा पिवळा, सोनकी फुललेली. आबाजीमामा अंगणात दोरी वळत बसला होता. आईहून लहान, पण दिसतो मोठा. म्हणाला, "वाट चुकलीस काय गो?"

चहा होईपर्यंतही धीर नव्हता. विचारलं, "मामा, आईचं लग्नाआधीचं नाव काय?"

त्याने गोठ्याकडे हात केला. "ती काय, बांधलेली हाय."

गाय! तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, नुकतीच व्यालेली. तिला मी ओळखते. म्हणजे तिला नाही, तिच्या आजी-पणजीला. लहानपणी इथे आले की सोनकीचं दूध प्यायचे. मामाच्या गोठ्यात सोनकी नावाची गाय असतेच, हे मला देवळात घंटा असते तसं ठाऊक.

मी भडकले. "एवढा डोंगर चढून मी गाय बघायला आले नाही."

"अगो, खरं सांगतोय. तुझी आय भादव्यात झाली. माळ असाच पिवळा. म्हणून बाबांनी नाव ठेवलं सोनकी. तवा गाय नव्हती या नावाची. कुणीच नव्हतं. ती एकटीच."

मग दोरी खाली ठेवून सांगायला लागला, आणि मी चहा हातात धरून तशीच बसले.

"आमच्या आयला सवय. तिन्हीसांजेला अंगणात उभी ऱ्हायची आन हाक मारायची, सोनके, जेवायला ये. लगीन झालं, ही गेली, तरी मारायची. हाक मारायची, आन मंग आठवायचं. मंग ती पण जेवायची नाय. बाबा बघत होते रोज. बोलणारा माणूस नव्हता तो. तवाच गाय व्याली, कालवड झाली. बाबा म्हणाले, हिचं नाव सोनकी. तू मार हाक. कोणतरी येल."

एक सोनकी गेली की तिच्या कालवडीला तेच नाव. कालवडी वाडीत दिल्या, लेकींबरोबर आंदण गेल्या, नाव बरोबर गेलं. दुपारी गुरं पाण्यावर उतरली तेव्हा मामाने मला दाखवायला म्हणून हाक मारली — "सोनके, ये गो!" — तर तीन घरच्या गायींनी माना वर केल्या. दासगावच्या गाडीतल्या त्विषा आठवल्या. हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मामा दुसरीकडे बघत राहिला.

अख्ख्या डोंगरावर ज्या नावाची एवढी चलती, ते नाव जिचं आहे तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही!

३० सप्टेंबर

आई बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "सोनकी."

तिचा हात थांबला.

"आबाजीकडं गेलीवतीस."

"हो."

पुन्हा तेल चोळायला लागली. मग बोलली, माझ्याकडे न बघता. "लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी गेले. मी चुलीपाशी. मागल्या दारी आयचा आवाज, सोनके, ये गो, ये. किती महिन्यांनी ऐकलं ते नाव! 'आले गो' म्हणत हातातलं टाकून धावले. तर तिथं कालवड. आय तिला पेंड देत होती. माझ्याकडं बघून आय हसली. मी पण हसले. पण त्या नावाला परत कधी ओ दिली नाय. मी गेले आन यांनी माझ्या जागी जनावर बांधलं, असं वाटलं."

मी मामाने सांगितलेलं सगळं सांगितलं. हाक, सवय, आजीचं न जेवणं, आजोबांची युक्ती. आई म्हणाली, "आबाजीला काय ठावं? तेवढासा होता तो." बाळाला दुपट्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं. मग एकदम म्हणाली,

"जेवत नव्हती?"

"नाही."

"मला कुणी सांगितलं नाय."

मी म्हटलं, हे नाव बाळाला ठेवायचंय. "गुराचं नाव हाय ते आता," म्हणाली आणि उठली.

१ ऑक्टोबर

आई बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं. वरून घालून जेवलो.

२ ऑक्टोबर

सोयर आहे, म्हणून दसरा नुसता जेवणापुरता. पियुष आला. मी सरळ सांगून टाकलं, नाव सोनकी.

"ताई, शाळेत पोरं तिच्यामागे हंबरतील!"

"हंबरू देत. चार दिवस हंबरतील, मग कंटाळतील. तुझ्या त्विषाला तर वर्गात नंबर द्यावे लागतील."

"तू हट्टी आहेस."

"आहे."

शर्मिला आतल्या खाटेवरून सगळं ऐकत होती. परवाचं आईचं बोलणंही तिने ऐकलं होतं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, म्हणून तर बाळंतपण इकडे. म्हणाली, "माझी आई गेल्यापासून माहेरी माझ्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. आमच्याकडे गायही नाही." मग मला म्हणाली, "मला चालेल ताई. पण आईंना विचारा. नाव त्यांचं आहे."

शहाणी आहे पोरगी. मी उगीच तिला फोनवाली म्हणत होते.

आईला विचारलं. "तुमची पोर, तुमचं नाव," म्हणाली. याला होकार म्हणायचा की नकार? पण 'नको' म्हणाली नाही. आईला नको असलं की ती नको म्हणते, शेजारीपाजारी ऐकू जाईल असं म्हणते. म्हणजे मी थांबणार नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

बारसं झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या, पाळण्याखालून वरून बाळ फिरलं. मी वाकले, कानात कुर्रर्र केलं आणि सांगितलं — सोनकी. पाठीत बायकांचे बुक्के, नेहमीपेक्षा जोरात बसले असं मला वाटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं. कंडक्टरचा आवाज, कोपऱ्यापर्यंत गेला.

शेजारची काशीबाई म्हणाली, "जुनं हाय, पण गोड हाय."

आई उठली आणि आत गेली. घुगऱ्या वाटायलाही बाहेर आली नाही. मीच वाटल्या.

तिची जखम मी भर बायकांत उघडी केली का? तिच्यासाठी भांडले की नुसतं जिंकायला? माहीत नाही. पण नाव मागे घेणार नाही. गेलेलं नाव घरात आलंय, आता ते इथेच राहील. आई बोलेल तेव्हा बोलेल.

५ ऑक्टोबर

पियुष गेला. आई बाळाला अजून 'बाय'च म्हणते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दुपारची ड्युटी, म्हणून सकाळी घरात होते. शर्मिला पाळण्यापाशी बसून बाळाशी लाडाने बोलत होती, "सोनके, ए सोनके, ये गो." आई मागल्या दारी भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

आणि तिथून आई म्हणाली, "आले गो."