खडकावरचा हिरवा थर

१२ नोव्हेंबर

ती. आई,

नमस्कार. गुडघ्याचं तेल संपत आलं असेल म्हणून वन्संकडे दोन बाटल्या दिल्यात. मी दिल्या असं सांगू नका म्हटलं होतं, आता मीच सांगतेय. इथं सगळं ठीक. न्हाणीघरातला गळका नळ बदलून घेतला. मी वेळेवर जेवते.

प्रयोगशाळेत एक निकाल आलाय. त्या ओल्या कड्यावरून आम्ही आणायचो तो हिरवा थर आठवतो? तुम्ही त्याला शेवाळच म्हणायचात. सूक्ष्मदर्शकाखाली तो अगदी ओळखीचा दिसतो, हिरव्या-निळ्या मण्यांची माळ. आमचे सर म्हणाले होते, "जुनंच आहे हे, कशाला वेळ घालवता?" तुमचा लेक मात्र अडून बसला होता, की दिसण्यावर जाऊ नका, जनुकं बघा.

मी जनुकं वाचून घेतली. जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिली. जवळचं कुणीच निघालं नाही. वंशवृक्षात त्याची फांदीच वेगळी. सरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "त्याचं बरोबर होतं." मी बरं म्हटलं आणि प्रयोगशाळेतली भांडी घासायला घेतली.

आई, तो पाय घसरून पडला तेव्हा मी खाली गाडीत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते. मला आवाजही आला नाही. हॉस्पिटलात नर्सनं त्याचं घड्याळ, किल्ल्या आणि खिशातली बाटली माझ्या हातात दिली. जनुकं वाचली तो थर त्या शेवटच्या बाटलीतला आहे. ताज्या द्रावणात हलवला नसता तर बंद बाटलीत कुजून मेला असता. म्हणून घरात सांत्वनाला आलेली माणसं बसलेली असताना मी उठून प्रयोगशाळेत निघाले. तुम्ही दारात म्हणालात, "तू माणूस आहेस की दगड?" मला रडू आलेलं नाही, आई. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. डोळे चांगले आहेत म्हणाले.

आता या नव्या जातीला नाव ठेवायचंय. सगळे म्हणतात, त्याचंच द्या. माझ्याही मनात तेच होतं. पण कड्यावर चढण्याआधी तो हसत म्हणाला होता, "हे नवीन निघालं तर आईचं नाव देणार. उन्हात वाळव, कोरडं ठणठणीत कर, पाण्याचा थेंब मिळाला की पुन्हा हिरवं. आईच आहे ही."

म्हणून तुमचं नाव लिहिलंय. लेख सोमवारी पाठवायचा आहे. एकदा छापलं की ते कुणाला बदलता येत नाही. नको असेल तर फोन करा. बोलायचं नसेल तर नुसता वाजवून ठेवून द्या, मी समजेन.

फोन आला नाही तर पाठवते.

तुम्ही अजून म्हणू द्याल तर,
तुमची सून