ओढणाऱ्यांचा वाटा

चिंचणी, नागपंचमी, १९६६

प्रिय भाऊ वामन,

सुखरूप आहेस ना? तुझ्या भागीचा खोकला गेला का? सालवडची खोली गळते की धड आहे, बांधकामावर घमेली उचलतोस की कुदळ मारतोस, तिथले मजूर हिंदीत बोलतात ते तुला कळतं का, आणि दर्याचा वास तिथवर येतो का? एका दमात किती विचारलं बघ! तू म्हणायचास, जमनाबायला चौकशी केल्याशिवाय अन्न पचत नाय. खरंच आहे ते. बापानं चौथीपर्यंत शाळेत घातलं आणि माझी खोड आणखी वाढवून ठेवली. आज आईनं मला मुद्दाम पत्र लिहायला बसवलंय. तिचा निरोप आहे, तो शेवटी देते. आधी मला बोलू दे.

गेल्या नारळी पौर्णिमेपासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी सगळा पाडा किनाऱ्यावर होता. होडीगणिक एक नारळ, आणि होडीच्या धन्यानं तो आपल्या हातानं दर्यात सोडायचा. तुझी पाळी आली आणि तू हात मागे घेतलास. हळूच बोललास, पण मी शेजारीच होते. म्हणालास, नवशाकाका, ज्यानं दर्या केला त्याला आता मी हात जोडतो, दर्याला नाय. तू पालघरला पाद्र्यांकडे जातोस, बाप्तिस्मा घेतलास, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोवर कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. नवशा पाटलाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्याची भीती खोटी नव्हती रे. त्याचे दोन मुलगे रोज दर्यात जातात, आणि दर्या कोपला तर तो काय फक्त तुझी होडी शोधून कोपणार? त्याच संध्याकाळी तुला वाळीत टाकलं. वामनाच्या होडीला हात लावायचा नाय, त्याची मासळी घ्यायची नाय, बाजारात भागीशेजारी पाटी मांडायची नाय.

आणि मग सुरू झाल्या गप्पा. वामनाला पाद्र्यांनी काहीतरी दिलं, नायतर कोण असा वेडेपणा करील? कोणी म्हणे दुधाच्या पावडरीचे डबे, कोणी म्हणे कापडाचा तागा. मला काही राहवेना. भागी बाजारात गेलेली बघून मी तुझ्या घरात शिरले आणि एकेक मडकं उघडून पाहिलं. हसू नकोस. पेटी उघडली, गोधडी झटकली, चुलीमागे हात घातला. मिळालं काय, तर तळाशी मूठभर तांदूळ आणि सुके बोंबील. भिंतीवर देवाच्या फोटोचा खिळा होता, फोटो नव्हता. मला वाटलं, फेकलास! आईच्या खोलीत गेले तर तिथे तो लावलेला, समोर दिवा. आई म्हणाली, मला रोज वातीला तेल वामनच आणून देतो. मी चक्रावलेच. हा कसला बाटलेला माणूस?

मग मी पालघरला जाऊन तुमचं प्रार्थनाघरही बघून आले. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. सुक्या मासळीची पाटी बाहेर ठेवली आणि खिडकीतून डोकावले. मला वाटलं होतं, आत काहीतरी भारी असणार. तर सतरंजीवर माणसं बसलेली, एक पोर रडतंय, एक म्हातारा चक्क घोरतोय! एका बाईनं मला पाणी दिलं, त्यांच्याच तांब्यानं, मी कोण कुठली ते न विचारता. पुढे एक जण मोठ्यानं वाचत होता. जाळी धुणाऱ्या कोळ्यांची गोष्ट होती. म्हटलं, हे तर आपल्याचसारखे. तेवढंच ऐकलं आणि मोटारीची वेळ झाली म्हणून निघाले. पुढे त्या कोळ्यांचं काय झालं, कधी भेटलास तर सांग.

पण मला खरं कोडं पडलं ते किनाऱ्यावर. होडी वर ओढायची तर दहा-बारा जणांचे हात लागतात, आणि जो दोराला हात लावील त्याला पसाभर मासळी द्यायची, ही आपल्या वाडवडिलांपासूनची रीत. तुझ्या दोराला कोणी हात लावीना. तू आणि भागी कंबरभर पाण्यात होडी धरून उभे राहायचात, भरती येऊन ती वर सरकेपर्यंत. भागीचा खोकला तिथलाच. आणि एवढं करून तू काय करायचास? ओढणाऱ्यांचा वाटा काढायचास! कोणी ओढलेलं नसताना वाळूवर मासळीचा ढीग मांडायचास आणि घरी जायचास. मला राग यायचा. कावळ्यांना जेवण घालतोस का, असं मी तुला विचारलंसुद्धा. तू म्हणालास, बाय, त्यांनी हात लावायचं सोडलं, म्हणून मी वाटा काढायचा का सोडू?

मग कोणीतरी तुझं जाळं कापलं. कोणी कापलं ते मला ठाऊक आहे. तुला नाव सांगायला आले तर तू कानांवर हात ठेवलेस. म्हणालास, नको सांगू, कळलं तर रोज त्याच्याकडे बघताना तेच आठवेल. जाळं शिवायला बसलास आणि सुई मागितलीस. पण जाळं किती वेळा शिवणार? शिमग्यानंतर भागीचा खोकला वाढला तेव्हा होडी पालथी घालून तू सालवडची वाट धरलीस. नारळाला हात लावला असतास तर घरीच राहिला असतास. ते तू केलं नाहीस.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. तो ढीग कावळे खात नव्हते. मी बोंबील सुकवायच्या काठ्यांआड बसून पाहिलंय. पहिली आली बायडी म्हातारी, जिचं कोणी नाही ती. पदरात मासळी घेतली आणि इकडेतिकडे बघत निघून गेली. पुढे तिच्यासारखे आणखी येऊ लागले. एकदा तुझ्या भावोजींनी घरी पापलेट आणला. आमच्या जाळ्यात त्या दिवशी बोंबलाशिवाय काही नव्हतं! मी विचारलं नाही. मी, आणि न विचारता गप्प! कालवण केलं आणि खाल्लं.

तू गेल्यावर चैत्राच्या उन्हात तुझ्या होडीच्या फळ्या तडकायला लागल्या. तर ही बायडी म्हातारी रोज कळशीनं खारं पाणी आणून होडीवर ओतायला लागली. पावसाआधी सगळ्यांनी आपापल्या होड्या झावळ्यांनी शाकारल्या, तुझी तिनं एकटीनं शाकारली. नवशा पाटलानं सगळ्यांदेखत तिला हटकलं. ती म्हणाली, मी वामनाचा वाटा खाल्लाय, हात लावायचा राहिलाय. हात न लावता खाल्लेलं पोटात राहत नाय, पाटला. आणि मी एकटीच नाय खाल्लेला. वामन, तू तिथे असायला हवा होतास. एकानंही मान वर केली नाही. तुझे भावोजी तर पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत बसले. पाटलानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि घरची वाट धरली.

त्यानंतर पाटील स्वतः आईला भेटायला आला. आता तिचा निरोप ऐक, ती समोरच बसलीय. पाटील म्हणतो, झालं गेलं विसरू. वामनानं पौर्णिमेला यावं, नारळाला नुसतं बोट लावावं, पुढं त्यानं घरात कोणाचंही नाव घ्यावं. आई म्हणते, बाबा, एवढं कर. माझे डोळे मिटायच्या आत घरी ये. तिनं सांगितलं तसं लिहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून यापुढचं माझं आहे, आणि तेही मी तिला वाचून दाखवणार आहे, मग ती रडो की मला मारो. वामन, बोट लावू नकोस. आमच्या होडीचा नारळ सुटणारच आहे, माझा दर्यावर भाव आहे. पण तुझ्या घरात मी सगळी मडकी धुंडाळली तेव्हा मला जे सापडलं नाही, ते तुझ्याजवळ आहे एवढं मला कळलंय. ते बोटभर नारळापायी घालवू नकोस. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ये, होडी पाण्यात घाल, आणि संध्याकाळी परत येशील तेव्हा दोर वाळूवर टाक. बायडी म्हातारी येणारच आहे. मीही येईन, मग मला वाळीत टाकलं तरी चालेल. पाडा आपला वाटा खाऊन बसलाय. त्यातले किती हात पुढे येतात ते मला बघायचंय रे, जीव नुसता तगमगतोय. माझे दोन हिशेबात धर.

तुझी बहीण,
जमनाबाय